खुर्द्याचा हिशेब

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या भागातल्या माणसांचा स्मृतिस्तंभ व्हावा, असा ग्रामसभेत ठराव झाला. सरपंच काळा पाषाण म्हणताहेत, उपसरपंच ग्रॅनाइट, आणि अकरा नोव्हेंबरच्या, म्हणजे ते युद्ध थांबलं त्या दिवसाच्या, आत काम उरकायचंय. सगळं वाचलं. दगडावर मजकूर काय असावा, असं तू विचारलंयस. मला आधी हे सांग, नावं किती आहेत? तुझ्या पत्रात दोन दिसली. त्यातल्या एकाला आडनाव नाही आणि दुसऱ्याच्या गावाचा पत्ता नाही. मग दगडाची एवढी घाई कशाला? दगड खाणीत आहे, तो कुठं जात नाही. ज्यांच्या तोंडी ही नावं उरली आहेत ती माणसं मात्र ऐंशी-नव्वदीला टेकली आहेत, आणि आपल्याकडचा उन्हाळा दरसाल त्यांतली काही नेतोच.

पानिपतानंतर आलेला तो सांकेतिक निरोप तुम्हाला शाळेत शिकवला होता. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे उरलेले सगळे. आता नकाशा काढून बघ. उदगीरची लढाई १७६० सालची, आणि त्यानंतर भाऊंची फौज उत्तरेला निघाली ती आपल्या परतूरवरून. दुधनाकाठची, गोदेकाठची पोरं त्या फौजेत नसतील असं मला वाटत नाही. त्यांतलं एक तरी नाव आज सांगता येईल का कुणाला? विश्वासरावांचं वय मात्र शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

दीडशे वर्षांनी, राज्य बदललेलं असताना, हिशेब तसाच मांडला गेला. इराकात बसऱ्याला एक भलं मोठं स्मारक आहे. १९१४ ते १९२१ या काळात तिकडे मेलेले आणि कबरीचा ठावठिकाणा नसलेले चाळीस हजारांहून जास्त लोक त्यावर नोंदले आहेत. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय. हिंदी सुभेदार-जमादाराचंही कोरलंय. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. ज्या आयोगानं हे स्मारक बांधलं, म्हणजे आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, तो १९१७ साली स्थापन झाला, आणि दर्जा-धर्म न बघता प्रत्येक मृताला सारखा मान द्यायचा हे त्याचं ब्रीद. २०२१ मध्ये त्याच आयोगानं आपली चौकशी आपणच करवून घेतली. पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांची नोंद इतरांच्या बरोबरीनं झाली नाही, असं त्यात निघालं. आणखी किमान १ लाख १६ हजार जणांचं नाव कुठंच कोरलेलं नाही, किंवा मुळात नोंदच नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. त्यातले बहुतेक आशिया-आफ्रिकेतले.

आणि हे फक्त परदेशातच झालं असं समजू नकोस. सातारा-रत्नागिरीकडे गेलीस तर कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसेल. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, तिथले सेहेचाळीस जण त्या युद्धात गेले. हे आकडे मोठे आहेत, ऊर भरून यावा असे आहेत. पण पाटी वाचणाऱ्या पोराला त्यात आपला कोण, ते कळत नाही. तुमचा स्तंभ शंभर वर्षांनी उभा राहणार असेल आणि त्यावरही ‘या पंचक्रोशीतील ज्ञात-अज्ञात वीरांना अभिवादन’ एवढंच असणार असेल, तर तो पैसा शाळेच्या संडासांवर खर्च करा. माझं स्पष्ट मत आहे, सरपंचांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

तेव्हा कामाला लागायचं ते वहीपासून.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा होता, आणि इथं शोध घेणं साताऱ्याइतकं सोपं नाही ते त्यामुळेच. हैदराबाद कंटिन्जंट नावाची एक फौज होती. नाव हैदराबादचं, हुकूम इंग्रजांचा, आणि खर्च निजामाचा. त्या खर्चापोटीच १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. हिंगोली, जालना, औरंगाबाद, आणि मी राहतो ते अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, या तिच्या छावण्या. मोमिनाबादला घोडदळ असे. १९०३ मध्ये ही फौज हिंदी लष्करात मिसळून टाकली. पायदळाला ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले, घोडदळाचे २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स आणि ३० वी लान्सर्स झाले. त्यातली डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेली. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलाजवळ तिच्या स्वारांनी भाले सरसावून घोडे घातले, मशीनगनच्या जमान्यात. ९७ वी पायदळ पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. कूत-अल-अमाऱ्याला वेढ्यात अडकलेल्यांना सोडवायला जी कुमक धडपडत होती, तिच्यात ही पलटण होती. ती कुमक पोचलीच नाही, २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं.

पुढची गंमत ऐक. या पायदळ पलटणींची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झालं. म्हणजे हिंगोली-जालन्याच्या छावण्यांत वाढलेल्या पलटणींचा वारसा आज उत्तराखंडात राणीखेतला सांभाळला जातो. आपल्याकडे किती जणांना हे ठाऊक आहे? रेजिमेंटच्या केंद्राला रीतसर पत्र लिही. उत्तर येईलच असं नाही, पण लिही. पलटणीचा क्रमांक आणि साल दिल्याशिवाय मात्र लिहू नकोस. ‘आमच्या गावच्या शूर जवानांची माहिती मिळावी’ अशा पत्राला कुठलंच कार्यालय उत्तर देत नाही, आणि त्यांचं काही चुकतही नाही.

इथं एक सावधगिरी सांगतो. पलटणीच्या नावात डेक्कन आहे म्हणून तिच्यातले सगळे आपले, असं धरून चालू नकोस. या पलटणींत उत्तरेकडचे जाट, शीख, अहीर बरेच होते. आपल्या बाजूचे म्हणाल तर दखनी मुसलमान पुष्कळ. आणि उलटंही असतं. आपल्या गावचा मराठा किंवा महार गडी हद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात जाऊन एखाद्या मराठा पलटणीत किंवा १९१७ साली उभ्या राहिलेल्या १११ व्या महार पलटणीत नाव नोंदवून मोकळा झालेला असू शकतो. मग त्याची नोंद नगर नाहीतर सोलापूरच्या नावावर सापडते. शिवाय सगळेच बंदूकवाले नव्हते. भिस्ती, सईस, मोची, आचारी, खेचरं हाकणारे, हमाल. पलटणीमागं चालणारी ही माणसं तापानं, हगवणीनं आणि उन्हानं मेली, गोळीनं कमी. तुझ्या यादीत त्यांना वेगळा, खालचा रकाना करशील तर मी रागावेन.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घेताना गावाच्या नावानं घेऊ नकोस, हाती काही लागणार नाही. पलटणीनं शोध, मग बापाचं नाव आणि गाव लिहिलेला तपशील एकेक करून वाच. स्पेलिंग लिहिणारा कारकून इंग्रजी कानाचा. जुन्या इंग्रजी कागदांत बीडचं भीर होतं, नांदेडचं नांदेर. जिल्हेही आजचे धरायचे नाहीत. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. उदगीर-निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. धाराशिव म्हणजे उस्मानाबाद, आणि त्याआधीच्या कागदांत नळदुर्ग जिल्हा. छत्रपती संभाजीनगर शोधायचं ते औरंगाबाद म्हणून, आणि तेही जपून, कारण बिहारातही एक औरंगाबाद आहे. निजामाच्या सरकारचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत, फारसी आणि उर्दूत. तिथं जायची वेळ येईल, पण आत्ता नाही.

आत्ता गावात फिर. तू मुलगी आहेस, चुलीपर्यंत जाऊ शकतेस. मला आयुष्यभर ओसरीवर चहा मिळाला आणि ओसरीवरचीच माहिती मिळाली.

ओसरीवर काय होतं, सांगतो. ‘लढाई’ म्हटलं की म्हातारा रझाकारांवर जातो. साहजिक आहे. ते त्यानं लहानपणी डोळ्यांनी बघितलंय, सतरा सप्टेंबरला दरवर्षी झेंडा लागतो, भाषणं होतात, ती आठवण ताजी राहते. तिच्याखाली जर्मनच्या लढाईची आठवण दबून गेली. तेव्हा लढाई विचारू नकोस. ‘बसऱ्याला कोण गेलं होतं?’ असं विचार. आणि त्याहून महत्त्वाचं: ‘तुमचे पणजोबा फौजेत होते का?’ असं तर मुळीच विचारू नकोस. पणजोबा जिवंत परत आले म्हणून हे घर आहे. जो मेला तो वीस-बावीसचा होता. त्याला लेकरू नव्हतं, असलं तर जगलं नाही. बायकोचा धाकट्या दिराशी पाट लावून दिला, किंवा ती माहेरी गेली आणि तिकडचीच झाली. त्याचा पणतू कुठून असणार? त्याची आठवण असलीच तर भावकीत आहे, आडवळणाने. म्हणून प्रश्न असा टाक: पणजोबांना भाऊ किती होते, आणि त्यांतल्या कुणाचा वंश वाढला नाही? मग गप्प बस. म्हातारी बोटं मोडत मोजायला लागते, आणि चौथ्या बोटावर अडखळते.

परळीकडच्या एका आजीनं मला सांगितलं ते शब्दाला शब्द लिहून ठेवलंय: ‘माझ्या सासऱ्याचा थोरला भाऊ गेलता म्हणं बसऱ्याला. कागद आला तवा जवारीची काढणी चालू व्हती. वाचाया कुणी नव्हतं, वाड्यावर नेला. सासू म्हणायची, त्या साली कणसं रानातच ऱ्हायली.’ बघ, यात तारीख नाही, पण ज्वारीची काढणी आहे, म्हणजे माघ-फाल्गुन. मी विचारलं, मानमोडीच्या आधी का नंतर? मानमोडी म्हणजे १९१८ ची ती तापाची साथ, जी त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत उतरली आणि पावसाळा सरता सरता खेडी ओस करत गेली. आजी म्हणाली, मानमोडीत सासूचा लेक गेला, आणि हे त्याच्या आधीच्या का त्याच्या आधीच्या साली. म्हणजे १९१७ किंवा १९१६ ची काढणी. पण नीट ध्यानात घे, ही कागद येण्याची वेळ झाली, माणूस मरण्याची नव्हे. बसऱ्याहून कागद निघून, पलटणीच्या ठाण्यावरून, निजामाच्या टपालानं खेड्यात यायला महिने लागत. वहीत दोन्ही वेगळं लिहायचं. मृत्यूच्या रकान्यात आजीच्या ज्वारीवरून तू तारीख बसवलीस की पुढचा माणूस ती खरी धरून चालेल, आणि मग ती कायमची चिकटेल.

घरातल्या रीतीही बघत जा. कारण विसरलं तरी रीत चालू राहते. पितृपंधरवड्यात चतुर्दशीला, जिला घातचतुर्दशी म्हणतात, शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध करतात. बाकीच्या पितरांच्या तिथी वेगळ्या असताना एखाद्या घरी चतुर्दशीलाही एक पान वाढत असतील, तर ते कुणासाठी, ते विचार. ‘आमच्यात आहे रीत’ असं उत्तर येईल. तिथं थांबू नकोस, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा. देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेल्या वीराचा टाक असला तर तो कुणाच्या नावानं केला, हेही. मुसलमान घरांत शबे-बरातला फातिहा देताना गेलेल्यांची नावं घेतात, त्यात कुणी परदेशात गेलेला आहे का, हे अदबीनं विचारता येतं. आणि भावकीची वंशावळ सांगणारा हेळवी किंवा भाट अजून येत असेल तर त्याला गाठ. त्याच्या चोपडीत निर्वंश गेलेल्यांचीही नावं असतात. सुगीनंतर येतो, रिकाम्या हातानं भेटू नये.

मुसलमान घरांचं मी मुद्दाम काढलं. आपल्या भागातून फौजेत गेलेल्यांत दखनी मुसलमान पुष्कळ होते, हे वर लिहिलंच. पोलीस ॲक्शननंतर त्यांतली कितीतरी घरं गाव सोडून हैदराबादला गेली, काही सरहद्दीपलीकडे. वाड्यांच्या जागा पडून राहिल्या, मग दुसऱ्यांच्या झाल्या. म्हणजे गावात आज विचारून जी यादी होईल ती मुळातच अर्धी असणार. तुझ्या ग्रामसभेत कुणी ना कुणी म्हणेल की आपल्या लोकांचीच नावं घेऊ. तेव्हा मऊपणानं, पण मागं न हटता सांग की ज्यांना विचारायला गावात कुणी उरलं नाही त्यांची नावं आधी. त्यांच्यासाठी मशिदीतले जुने लोक, हैदराबादेतले नातेवाईक, आणि आयोगाची यादी, एवढ्यावरच भिस्त आहे.

पदकांचं सांगतो. पेटीत एखादं सापडलं तर चिंच लावून घासू देऊ नकोस. लोक मोठ्या प्रेमानं घासतात आणि अक्षरं जातात. त्या युद्धाचं एक पदक चांदीचं होतं. शिपायांना चांदीचं मिळालं, मजूर आणि हमालांच्या तुकड्यांना तेच पदक ब्राँझचं. त्याच्या समोर राजाचं तोंड आहे, ते बघत बसू नकोस. पदक आडवं धर आणि कडा बघ. त्या पातळ कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूनं, अगदी तिरपा धरलास की झिजलेली अक्षरंही सावलीनं उठतात. फिरवत फिरवत चार-पाच फोटो काढ. एवढ्या एका कडेनं जे कळतं ते गावभर फिरून कळत नाही. मेलेल्याच्या घरी साधारण अर्ध्या वितीची ब्राँझची गोल तबकडीही देत, नाव उठावात, हुद्दा नाही, आणि भोवती इंग्रजीत असं काहीसं की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. निजामाच्या मुलखातल्या, इंग्रजाच्या फौजेतल्या माणसाच्या आईला स्वातंत्र्याची ही तबकडी! ती हसली असेल का रडली असेल, कोण जाणे. तिला वाचताच आली नसणार. चांदीची पदकं मात्र दुष्काळात सराफाकडे गेलेली असतात, बहात्तरला तर घरातलं काय काय गेलं. किल्लारीकडची घरं त्र्याण्णवच्या भूकंपात पेट्यांसकट मातीत गेली, पैठणच्या धरणाखाली गावंच्या गावं. तेव्हा ‘होतं, पण गेलं’ असं कुणी म्हणालं तर तेही लिही, कशात गेलं त्यासकट.

मारुतीच्या पारावरच्या वीरगळाचा फोटो तू पाठवलास आणि विचारलंस, हा महायुद्धातल्या शिपायाचा असेल का? नाही गं. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शंकराची पिंड पूजतोय. हे यादवांच्या काळातलं, किंवा आगंमागं. त्याला शेंदूर लागतो, शनिवारी तेल पडतं, नारळ फुटतो, पण तो कोण होता हे गावात कुणालाच माहीत नाही. सातशे-आठशे वर्षं दगड टिकला, मान टिकला, नाव नाही टिकलं. पाषाण की ग्रॅनाइट यावर भांडणाऱ्यांना तो वीरगळ एकदा दाखव.

आता तुझा मोठा प्रश्न. कॉलेजातल्या मित्रानं विचारलं की इंग्रजांसाठी मेलेल्यांचा स्तंभ आपण का बांधायचा. प्रश्न चांगला आहे, त्याला देशद्रोही-देशप्रेमी अशा भाषेत उत्तर देऊ नकोस. शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता. कोरडवाहू रानात धाकट्या भावाच्या वाट्याला काय येतं ते तुझ्या घरी विचार. निजामानं लढाईला पैसा दिला, फौज दिली, आणि १९१८ मध्ये त्याला ‘एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी आणि इंग्रज सरकारचा विश्वासू दोस्त हा किताब मिळाला. अकरा रुपयेवाल्याला बसऱ्याच्या स्मारकावर आकड्यात जागा मिळाली. मित्राला म्हण, ज्याचा हिशेब इंग्रजानं चुकता केला नाही आणि आपणही केला नाही, त्याचं नाव लिहायला कुठलं साम्राज्य आडवं येतं? मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. हैदराबादच्या लान्सर्सचं नाव निघालं की लोक लगेच ‘हैफा जिंकलं’ म्हणतात. हैफा म्हणजे तेव्हाच्या पॅलेस्टाइनमधलं बंदर. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकावरच्या तीन शिपायांत एक हैदराबादचा आहे, हे खरं, आणि ते पॅलेस्टाइनच्या मोहिमेत त्याच ब्रिगेडमध्ये होते, हेही खरं. पण २३ सप्टेंबर १९१८ ची हैफ्यावरची ती दौड जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांची. आपल्या माणसाच्या पदरात दुसऱ्याचा पराक्रम टाकला तर त्याचा स्वतःचा काय होता ते शोधायची गरजच उरत नाही. इंडिया गेटवर स्वातंत्र्यसैनिकांची नावं आहेत आणि त्यात अमुक धर्माची इतकी, असा एक तक्ता व्हॉट्सॲपवर फिरतो. गावच्या ग्रुपवर तो कुणी टाकला तर खोडून काढ. तिथं आहेत ती शिपायांची, तेरा हजारांवर नावं, मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची. सत्तर हजारांचं ते स्मारक, पण नावं सगळ्यांची नाहीत. तेव्हा तिथं आपला माणूस सापडला नाही म्हणजे तो नव्हताच, असं नसतं.

वही अशी आख. नाव जसं सांगितलं तसं, घरच्या उच्चारात. त्याखाली कागदावर जसं सापडलं तसं. बापाचं नाव, आईचं मिळालं तर आईचं. गाव, तेव्हाचा तालुका, तेव्हाचा जिल्हा. पलटण. काय झालं. कुणी सांगितलं, त्याचं मेलेल्याशी नातं काय, कोणत्या दिवशी सांगितलं. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिही, तू न्यायाधीश होऊ नकोस. जे कळलं नाही तो रकाना कोरा ठेव. कोऱ्या रकान्याची लाज वाटून लोक ‘वीरमरण’ लिहून टाकतात. हगवणीनं मेला असेल तर हगवणीनं मेला लिही. त्यानं तो लहान होत नाही. घरच्यांना वाईट वाटत असेल तर त्यांना विचारून लिही, आणि ते नको म्हणाले तर तेवढं वाक्य वहीत राहू दे, दगडावर नको. वहीच्या तीन प्रती कर. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक तुझ्याकडे. आणि मोबाइलवर केलेली ध्वनिमुद्रणं मोबाइलवरच ठेवू नकोस, पुढच्या दिवाळीला मोबाइल बदलतो आणि आजी जाते.

अकरा नोव्हेंबर चुकला तर चुकू दे. सरपंचांना सांग, मी सांगितलंय. त्यांना फारच घाई असेल तर या वर्षी चबुतरा बांधा आणि वरचा दगड कोरा ठेवा, पुढं जसजशी नावं येतील तसतशी कोरायची, खाली जागा सोडून. गवंडी कुरकुरेल, त्याला दरवर्षी यावं लागेल. येऊ दे.

तुझ्या दोन नावांचं बघू. आडनाव नसलेला जो आहे, त्याच्या भावकीकडे पदक आहे असं तू लिहिलंस, पण फोटो राजाच्या तोंडाचा पाठवलास. कडेचे पाठव, वर सांगितलं तसे. दुसऱ्यापुढे नुसतं ‘पिंपळगाव’ लिहिलंयस. बसस्थानकातल्या पाट्यांवर बघ आपल्या दोन-तीन तालुक्यांत पिंपळगावं किती आहेत ते. ज्यानं सांगितलं त्याला पुन्हा जाऊन विचार की त्या पिंपळगावला जायला नदी ओलांडावी लागायची का, आणि बाजार कुठला करायचे. म्हणजे निम्मी तरी गळतील. घरातला तो उर्दू कागद टपालानं पाठवू नकोस, घेऊनच ये. आमच्या शेजारच्या गल्लीत शिकस्ता, म्हणजे जुनं घाईचं फारसी-उर्दू वळण, वाचणारे एक जुन्या काळचे गृहस्थ आहेत. सकाळी दहानंतर त्यांना दिसतं नीट, त्याआधी नाही. पहिल्या गाडीनं निघालीस तर वेळेत पोचशील.

तुझा,
सर